पहिल्या वर्षाचा पगार

मार्लेनाने पुन्हा किल्ली फिरवली. गाडी खोकल्यासारखं करून गप्प झाली.

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, वायरमन युनियनच्या पार्किंगमध्ये बर्फाळ पाऊस पडत होता. शिकाऊ वायरमनची लेखी परीक्षा देऊन बाहेर पडलेले लोक तिच्याकडे बघत बघत आपापल्या गाड्यांकडे चालले होते. सगळे वीज शिकायला आलेले, आणि हिची बॅटरी उतरलेली! तिने कपाळ स्टिअरिंगला टेकलं. पहाटेपासून हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी ओढून ती परीक्षेला आली होती. रडायलाही त्राण नव्हतं.

काचेवर टकटक झाली. परीक्षेत तिच्या पुढच्या बाकावर बसलेला एक उंच तरुण, एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी सुरू करायची जंपर केबल घेऊन उभा होता.

"बॅटरी गेली वाटतं?"

"छे, परीक्षेचं टेन्शन घेतलंय तिनं."

"लाल वायर कुठं, काळी कुठं, लक्षात आहे ना?"

"तुमच्या नसेल, तर आत जाऊन पेपर परत मागून घ्या."

तो हसला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बाहीला पीठ... तरी हसू मात्र ताजं होतं. नाव ऑरेलियो, बेकरीत भट्टीवर काम करायचा.

गाडी सुरू झाली, तरी तो हलेना. "आता थोडा वेळ फिरवत राहा. बॅटरी भरू दे."

"एकटीच फिरू?"

आपण असं काही बोलू असं तिलाही वाटलं नव्हतं. तो शेजारी येऊन बसला. दोघं नदीकाठच्या रस्त्याने निघाले. पूल येण्याआधीच त्याची मान तिच्या बाजूला कलंडली... झोपला होता पठ्ठ्या! मार्लेनाला हसू आलं. तिने हीटर वाढवला आणि पार्किंगला परतायच्या रस्त्याने न जाता आणखी एक वळसा घेतला.

दोघंही लेखी परीक्षा पास झाले. मग मुलाखतीच्या तयारीचं निमित्त मिळालं. कामं सुटली की दुपारी डोनटच्या दुकानात भेट ठरलेली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"लाँड्रीत मला तासाला एकवीस डॉलर मिळतात," ती एकदा म्हणाली. "शिकाऊ वायरमनला पहिल्या वर्षी सतरा. शिकायला जायचं आणि पगार कमी, हे कसलं गणित?"

"दरवर्षी वाढतो की. पाच वर्षांनी आत्ताच्या दुपटीच्या आसपास. वर विमा, पेन्शन."

"पाच वर्षांनी मी छत्तीसची होईन."

"छान. मला छत्तीसच्या बायका आवडतात."

"आणि आत्ता?"

"आत्ता... एकतीसच्या."

तिने कॉफीच्या कपात तोंड लपवलं. तो लगेच मुलाखतकर्त्याचा आवाज काढून म्हणाला, "बाई, आम्ही तुम्हाला का घ्यावं?"

"थंडीत शिडीवर उभी राहू शकते. वेळेवर येते. आणि... मी दमलेय हे कुणाला कळत नाही."

त्याचा आवाज एकदम खरा झाला. "मला कळतं."

टेबलावरचा त्याचा हात भट्टीच्या चटक्यांनी भरलेला होता. तिने हळूच त्यावर आपला हात ठेवला.

मुलाखती झाल्या. जूनमध्ये निवड झाल्याचा युनियनचा फोन आला तो तिला. निवड यादीत त्याचा नंबर खूप खाली होता, यंदा काही होणार नव्हतं.

"अभिनंदन," तो म्हणाला आणि कॉफी तशीच टाकून उठला. पुढचा आठवडाभर ना फोन, ना निरोप. होकार कळवायची मुदत संपत आली. सतरा डॉलरमध्ये एकटीचं घरभाडं कसं निघणार? नाही म्हणून टाकावं, चादरी काय वाईट आहेत... तिने मन जवळजवळ घट्ट केलं.

त्या दिवशी शिफ्ट संपवून ती बाहेर आली, तर लाँड्रीच्या मागच्या पायरीवर ऑरेलियो बसला होता.

"जळलो मी," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आठवडाभर पाव करपवले."

"आणि आता?"

"अजून थोडा जळतोय. पण तुला न भेटता जास्त दमायला होतं गं."

ती त्याच्या शेजारी बसली. "मी त्यांना नाही म्हणणार आहे. त्या पगारात भाडं निघत नाही."

"एकटीचं निघत नाही..." तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "दोघांचं निघेल."

"ऑरेलियो, तू मला मागणी घालतोयस की भाडेकरू शोधतोयस?"

"भाड्यापासून सुरुवात करणार होतो," त्याचे कान लाल झाले, "धीर आला की पुढचं..."

"उपकार नकोत हं मला."

"उपकार कसले? पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षा देणार. पास झालो की माझा पगार सतरा, तुझा जास्त. तेव्हा तू पोस मला!"

कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. मग तिने फोन काढून युनियनच्या ऑफिसला कळवलं, "हो, मी येतेय."

"आणि मला?" तो म्हणाला.

"तुला उत्तर द्यायला उठून उभं राहावं लागेल का रे?"

"नाही."

"मग हो," ती म्हणाली, आणि डोळे मिटून तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याच्या शर्टाला ताज्या पावाचा वास येत होता.