ओली बोटं

“घरात एक मुकी होतीच, तिच्या जोडीला दुसरी आणली,” नंदाबाई शेजारणीला सांगत होत्या. भिंतीआड भाकरी थापणाऱ्या त्यांच्या नव्या सुनेला, गोजरबाईला, ते बराबर ऐकू आलं. ती मुकी नव्हती. केदारखेड्याला नांदायला येऊन महिना झाला, पण या घरात तिला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

पहिली मुकी म्हणजे मेलेल्या सवतीची सात वर्षांची साळू. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. आदल्या वर्षी गावावर धाड आली, तेव्हा आई साळूला घेऊन बारवेच्या पायऱ्यांवर लपली, पोर रडू नये म्हणून तिच्या तोंडावर हात दाबून. सकाळी पोर पायरीवर सापडली, आई पाण्यात. तेव्हापासून साळूच्या तोंडून शब्द नव्हता. वेखंड उगाळून चाटवलं, मध झाला, अंगारे झाले. आता सोमवारी मच्छिंद्र भगत तापल्या विळ्यानं गळ्याला डाग देणार होता.

गोजरबाईच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावानं घडवलेला चांदीचा टाक होता. रोज पहिला घास त्याला दाखवायचा, मंग आपण जेवायचं, असा रिवाज. घास दाखवला, की समोर बसलेल्या साळूच्या गालावर चार बोटं उमटत. ओली. भर उन्हाळ्यात चुलीपाशी शेवाळाचा गार वास येई. गोजरबाई पदरानं गाल पुसे. बोटं पुन्हा उमटत. सांगणार कुणाला? विचारत तर कुणीच नव्हतं.

सोमवारी दुपारी विळा चुलीत लाल झाला. गोजरबाईच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, मान फिरवून लेकीला घट्ट धरलं. गोजरबाई पुढं आली. टाकाला घास दाखवून तिनं तोच साळूला भरवला. गालावर बोटं उमटली. या वेळी ती सगळ्यांनाच दिसली. थोरल्या बहिणीशी बोलावं तसं गोजरबाई हळूच म्हणाली,

“बाई... ते लोक गेले. आता हात काढा...”

एकेक बोट पुसट होत गेलं. करंगळी शेवटी. साळूनं खोल श्वास घेतला, वर्षभर अडकलेला.

“मीठ न्हाई भाजीत,” ती म्हणाली.

मच्छिंद्रनं विळा राखेत खुपसला आणि हात जोडले. नंदाबाई होत्या तिथंच खाली बसल्या.

“सूनबाई, काय केलंस गं तू?”

महिन्याभरात हा पहिलाच प्रश्न. गोजरबाईला हसू आलं असतं, पण लुगड्याचा पदर खांद्यावर भिजत चालला होता.

“मी काही न्हाई केलं, आत्याबाई. त्यांनीच हात काढला... आता माझ्या खांद्यावर ठेवलाय.”