पिवळी फीत

दुपारी दोनच्या सुमाराला मग्दालेना नदीकाठचं ते गाव खिडक्या लावून झोपून जातं. कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला अंग टाकतात. त्या गुरुवारी गावचे शिंपी हेरिबेर्तो मास्तर यांना मात्र झोप लागेना. झग्याच्या बाहीला चार टाके घालायचे राहिले होते. ते झुल्यातून उठले आणि पुढच्या खोलीत, शिवणघरात गेले.

झगा त्यांच्या नातीचा, नायिबेचा होता. वय सतरा. आई दूर शहरात कामाला, म्हणून आजोबांकडेच वाढलेली. यंदाच्या जत्रेत गावाची राणी व्हायला ती उभी होती.

त्या गावाची एक रीत आहे. जत्रेआधी सहा शनिवार राणी व्हायला उभ्या मुलीच्या कमरेचं माप शिंप्याच्या दारात घेतात. पहिल्या शनिवारी कमरेएवढी फीत कापायची. पुढच्या शनिवारी तीच फीत गुंडाळायची, आणि जेवढी जास्त होईल तेवढी कापून दाराच्या चौकटीला टाचायची. फितीचा रंग दरवर्षी वेगळा. यंदा लाल. चार शनिवार झाले होते आणि चौकटीवर तीन तुकडे होते, प्रत्येक आधीच्याहून लांब.

गेल्या शनिवारी समोरच्या तुलियाबाई म्हणाल्या होत्या, "मास्तर, पोरीला वाऱ्यात उभी करू नका हो. पलीकडच्या काठावरून उचलून आणावी लागेल." सगळे हसले. मास्तरही हसले, आणि त्यांनी कात्री चालवली. तुलियाबाईंची बारा वर्षांची नात ओदालिस पुढे बसून डोळे विस्फारून बघत होती.

शिवणघरात अंधार होता. फळ्यांच्या फटीतून उन्हाची एकच रेघ जमिनीवर पडली होती. कोपऱ्यात शिवणाचा पुतळा उभा होता, डोकं नसलेला, लाकडी पायावरचा. नायिबेच्या मापाएवढा कापूस त्याला मास्तरांनी स्वतः भरला होता, आणि सकाळी झगा त्याच्यावर अंगाबरोबर बसवला होता.

आता झगा कमरेत ढिला लोंबत होता.

कापूस बसला असेल, असं म्हणून त्यांनी मूठभर कापूस आणखी भरला, टाचण्या लावल्या आणि सुईत दोरा ओवला. बाहीचा दुसरा टाका घालताना आवाज आला. टप्... मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टप्...

त्यांनी खाली पाहिलं. पुतळ्याच्या पायाशी ओल होती. महिनाभर पाऊस नव्हता. छपराला गळती नव्हती. आणि त्या ओलीला वास होता, उकळलेल्या पाल्याचा, कडवट. जुलाबाच्या सोनामुखीचा.

मास्तरांच्या हातातली सुई थांबली. हा वास त्यांनी एकदाच घेतला होता, अडतीस वर्षांपूर्वी, याच खोलीत. एनेइदा नावाची मुलगी होती, नावाड्याची लेक, राणी व्हायला उभी. त्या वर्षी फीत पिवळी होती. शेवटच्या शनिवारी ती स्टुलावर उभी राहिली तेव्हा तिच्या श्वासाला हाच वास होता, आणि ओठ कोरडे पडले होते. तरी ती हसून म्हणाली होती, "अजून दोन बोटं घ्या, मास्तर." मास्तरांनी घेतली. चार दिवसांनी मिरवणुकीच्या तालमीत ती चालता चालता खाली बसली, आणि उठली नाही. लोक म्हणाले, ऊन लागलं. कोणी म्हणालं, दृष्ट लागली. तिच्या उशाखाली सोनामुखीची पुरचुंडी सापडली, ते कोणी मोठ्यानं बोललं नाही. तिच्या मापाचा पुतळा मात्र राहिला, तोच हा. चांगलं लाकूड होतं.

मास्तरांनी मान वर केली. झगा पुन्हा ढिला झाला होता. टाचण्या होत्या तिथेच होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत कापड कमरेत हळूच आत गेलं, कोणी पोट ओढून घ्यावं तसं.

"अजून... दोन बोटं..."

आवाज कुठून आला ते कळलं नाही. मास्तर उठले. पण ते बाहेरच्या दाराकडे गेले नाहीत. ते आत, नातीच्या खोलीकडे गेले.

नायिबे न्हाणीच्या उंबऱ्याला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा. पोटऱ्यांत गोळे आले होते आणि बोटं आखडली होती.

"काही नाही, आबा," ती म्हणाली. "चक्कर आली जराशी."

त्यांनी तिचं मनगट धरलं. नाडी दोनदा धावली, थांबली, मग पुन्हा धावली.

"काय घेतेस, पोरी?"

तिनं गादीकडे बघितलं. गादीखाली सोनामुखीची पुडी होती आणि जुलाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. किती, ते मास्तरांनी मोजलं नाही.

"तुम्ही रागावला असता..."

"रागावत नाही मी. कोणी सांगितलं हे घ्यायला?"

"ती... शिवणघरातली." नायिबेचा आवाज खोल गेला होता. "झगा घालून बघताना मागे उभी असते. म्हणते, नुसतं पाणीच तर जातं. आबा, तिचे पाय कायम ओले असतात."

मास्तरांनी तिला उचललं. लहानपणी उचलत, त्याहूनही ती हलकी लागली, आणि त्या भर उन्हात त्यांना हुडहुडी भरली.

दवाखाना नदीपलीकडे होता. होडी निघाल्यापासून काठ येईपर्यंत मास्तरांनी नाडीवरचं बोट काढलं नाही. डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या, रक्त काढलं, सलाइन सुरू केलं. दिवेलागणीला त्या नायिबेच्या उशाशी बसल्या.

"हे ऐकून ठेव," त्या म्हणाल्या. "अन्न पचून अंगी लागल्यावर हे औषध काम करतं. त्यानं चरबी जात नाही. जातं ते पाणी, आणि पाण्याबरोबर क्षार. त्या क्षारांवर हृदय चालतं. आज उशीर झाला असता तर ते चालायचं थांबलं असतं."

नायिबेच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बंद केलं की अंग सुजतं, बाई. मी करून बघितलंय."

"सुजतं. काही दिवस. तेव्हा भीती वाटते आणि हात परत पुडीकडे जातो. तेव्हा माझ्याकडे यायचं, कितीही वेळा. हा नुसता पोटाचा आजार नाही, मनाचाही आहे. एकटीनं बरा होत नाही."

"ती एकटी नाही," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी ते घरी परतले. चौकटीवरचे तिन्ही लाल तुकडे त्यांनी काढले. झग्याच्या शिवणीत जादा कापडाची माया ठेवलेली होती, ती सगळी उसवून मोकळी केली. पुतळा अंगणात नेऊन फोडला आणि पेटवला. आतला कापूस पिळून निघावा इतका ओला होता. जळायला तिन्हीसांजेपर्यंत वेळ लागला. कात्री त्यांनी नदीत टाकली.

शनिवारी लोक जमले. मास्तर दारात उभे राहिले.

"माप नाही," ते म्हणाले. "माझ्या दारात आता कधीच नाही. पोरगी दवाखान्यात आहे. एनेइदा कशानं गेली, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी मी फीत कापली."

तुलियाबाईंनी टोमणा मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माणसं एकेक करून पांगली. मास्तरांनी गुळाच्या पाण्याची बाटली घेतली आणि होडी गाठायला निघाले. नायिबेनं सकाळी निरोप पाठवला होता, भूक लागलीय म्हणून.

तुलियाबाईंच्या घरावरून जाताना त्यांचं लक्ष वर गेलं.

त्या दाराच्या चौकटीला फितीचा एक तुकडा टाचलेला होता. पिवळा. दोन बोटं लांबीचा, नुकताच कापलेला. त्याच्या टोकाला पाणी साठलं होतं. मास्तर बघत असतानाच थेंब सुटला आणि खालच्या पायरीवर पडला.

त्या पायरीवर ओदालिस उभी होती. तिनं पोट आत ओढून धरलं होतं, आणि मान मागे वळवून ती दाराच्या आतल्या अंधारात कोणाचं तरी बोलणं ऐकत होती.