पडद्यावरचा बत्तीवाला

बाळ झोपेना, म्हणून त्याला खांद्यावर टाकून मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. टेबलाशी मोठे मामा माझ्या धाकट्या भावाला एक भीतीदायक गोष्ट सांगायला बसले होते. शहाण्या आईने अशा वेळी आत निघून जावं. मी थांबले.

मामांची सगळी नोकरी विमानांची उपकरणं दुरुस्त करण्यात गेली. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं, की हे त्यांच्या मित्राच्या, कॅप्टनच्या बाबतीत घडलंय, आणि तो पत्त्यांतसुद्धा खोटं खेळला नाही.

डिसेंबरची अकरा तारीख. कॅप्टन पेशंट नेणारं छोटं विमान चालवायचा. काम नेहमीचंच. चार दिवसांचं बाळ काचेच्या पेटीतून मोठ्या हॉस्पिटलच्या गावी आणायचं. सोबत एक नर्स. निघाले तेव्हा आकाश स्वच्छ होतं. उतरायच्या वेळी खाली धुकं दाटलं.

कॅप्टनला त्याची धास्ती नव्हती. समोर नवा पडदा होता. बाहेरचं दिसेनासं झालं की हा पडदा पुढचा मुलूख रंगवून दाखवतो. खिडकीत कापूस, पडद्यावर लख्ख दुपार.

"म्हणजे कॅमेरा," भाऊ म्हणाला.

"कॅमेरा कसला रे. त्याला डोळे नाहीत, नुसती आठवण आहे. दर महिन्याला मी त्यात नवा नकाशा भरायचो. डोंगर, मनोरे, कारखान्यांची धुराडी. भरलं तेवढंच त्याला ठाऊक. माणूस, गाडी, जनावर त्यात उमटतच नाही."

मग बत्तीवाल्याचा विषय निघाला. त्याच विमानतळावर हातात दोन दिवे घेऊन विमानांना जागा दाखवणारा. बायकोलाही हातवारे करूनच चहा मागतो, अशी त्याची थट्टा चालायची. आदल्या हिवाळ्यात, अशाच धुक्यात, दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्याने दिव्यांची फुली केली होती. फुली म्हणजे थांब. विमान थांबलं नाही. तो जागीच गेला. चालवणाऱ्याला तो दिसलाच नव्हता. चौकशीत कुणाचाच दोष निघाला नाही.

"चालवत कोण होतं?" मी विचारलं.

मामा कप ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"कॅप्टन."

तर, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. पडद्यावर धावपट्टी सरळ समोर. मागून नर्सने सांगितलं, ऑक्सिजन बारा मिनिटांचा उरलाय. उतरायला तीन पुरत होती.

तेवढ्यात धावपट्टीच्या तोंडाशी एक उभी रेघ दिसली.

रेघ मोठी झाली.

तिला हात होते.

वर... फुली.

खिडकीत नुसतं पांढरं.

फेरी मारून परत यायला दहा मिनिटं. कॅप्टनच्या मनात आलं, हा थांबवतोय ते कशासाठी? वाचवायला... की माझ्या हातून आणखी एक जीव जावा म्हणून?

मी बाळाच्या पाठीवर हात ठेवला. श्वास मोजला. चालू होता.

"एकदा थांबलो नव्हतो," मामा म्हणाले. "मला तो पुढे एवढंच बोलला."

कॅप्टनने विमान वर उचललं. धावपट्टी बघून या, असं रेडिओवर सांगितलं. मागे नर्स मिनिटं मोजत होती. मोठ्याने.

नऊ.

आठ...

खाली माणसं जीप घेऊन धावली. धुक्यात वाट चुकलेला इंधनाचा ट्रक धावपट्टीच्या तोंडाशी बंद पडला होता. ड्रायव्हर मदत शोधायला पायी गेलेला. जीपने ओढून ट्रक बाजूला काढला. दुसऱ्या खेपेला पडदा मोकळा होता. विमान टेकलं तेव्हा नर्स दोनवर आली होती. बाळ वाचलं.

"सकाळी मी पडद्यातला नकाशा उघडला. ट्रक त्यात असणं शक्यच नव्हतं. पण त्याच जागेवर एक अडथळा नोंदलेला. मी भरलेला नाही. मूळ प्रतीतही नाही. पुसून टाकला. पुढच्या महिन्यात नवा नकाशा भरला... परत तिथेच."

"कसला अडथळा?"

"नाव नसतं. जागा आणि उंची, बस. सात फूट दोन इंच."

भाऊ हसला. एवढा उंच होता का बत्तीवाला?

"छे. माझ्याएवढाच."

मामा उठले. भिंतीला पाठ टेकवून ताठ उभे राहिले. मग दोन्ही हात हळूहळू डोक्यावर नेले.

मोजपट्टी आणायला कुणी उठलं नाही.