जागा भरण्यापुरता

सांतो दोमिंगोच्या उड्डाणपुलाखाली, पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्या जिथे उभ्या राहतात तिथे, मिरेलिस छातीशी केकचा भला मोठा खोका धरून उभी होती. आणि तिच्या अंतःकरणात दोन्ही प्रकारच्या गाड्यांविषयी सारखाच संताप दाटून आला होता.

एक होती लांब पल्ल्याची. तिच्यात इतका गारठा असे की प्रवासी भर उन्हात पांघरुणे घेऊन चढत. केकवरच्या अंड्याच्या पांढऱ्याशुभ्र फेसाला तो गारठा अमृतासमान ठरला असता. परंतु तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने नखांवर फुंकर घालत सांगितले होते, "खोका खाली सामानात जाईल. आणि लोमा क्लाराला आम्ही थांबत नाही. आसुआला उतरा, मागे या."

"सामानात? अहो, लग्नाचा केक आहे."

"मग नवरीलाच आसुआला बोलवा."

राहिली ग्वाग्वा, गावोगाव थांबत जाणारी छोटी बस. ती कुणाच्याही दारात थांबणार, घामाने भिजवणार आणि भरल्याखेरीज चाक हलवणार नाही. आज संध्याकाळी लोमा क्लारा गावी मिरेलिसच्या मावसबहिणीचे लग्न होते. सगळ्या मावश्या दुकानातला केक मागवा म्हणत असताना तिने हट्टाने हे काम स्वतःकडे घेतले होते. केक धड पोहोचला तर गावात तिचे नाव होणार होते. न पोहोचला तर मावश्यांना जन्मभर पुरेल असा विषय मिळणार होता.

"निघाली, निघाली, एकच जागा," कंडक्टर तोनितो ओरडत होता.

गाडी खरोखरच गच्च दिसत होती. मिरेलिस चढली. ती एकुलती एक जागा एका तरुणाच्या शेजारी होती. त्याने गुडघे आवरून घेतले. त्याच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा ताजा, किंचित कडवट वास होता.

गाडी काही हलली नाही.

इतक्यात एक म्हातारी आली. तोनितोने टपावर दोन थापा मारल्या. त्यासरशी पुढचा एक गृहस्थ उठला, खाली उतरला आणि बदामाच्या झाडाखाली रंगलेल्या डॉमिनोच्या डावात जाऊन बसला. आणखी कुणी आले, पुन्हा थापा, पुन्हा एक जण उतरला. मिरेलिसला सारा प्रकार उमगला.

"हे सगळे खोटे उतारू आहेत," ती दात आवळून म्हणाली.

"सगळे नाहीत," शेजारचा तरुण नम्रपणे म्हणाला. "ती कोंबडीवाली खरी आहे."

"आणि तुम्ही?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. "मी... विल्किन. कोपऱ्यावर संत्री सोलून विकतो. गाडी भरलेली दिसायला हवी असली की तोनितो हाक मारतो."

"म्हणजे मला फसवायला बसलात."

"तुम्हालाच असं नाही. कुणालाही."

"मग उतरा ना आता, आणि ही गाडी हलू द्या."

तेवढ्यात कच्च्या केळ्यांची दोन पोती घेऊन एक धिप्पाड माणूस दाराशी आला. टपावर थापा पडल्या. विल्किनने पोत्यांकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले — आणि मग, क्षणभरच, मिरेलिसच्या घामाने चमकणाऱ्या कपाळाकडे.

"तोनितो, माझं भाडं घे."

"तुझं? तू कधी पुलाच्या सावलीबाहेर गेलायस का?"

"आज जातोय."

पोतीवाला मधल्या वाटेत कसाबसा मावला, आणि गाडी सुटली.

सुटली खरी, पण तिला पळणे म्हणता येईना. चालक मेहुणीशी बोलायला थांबला, तळलेले डुकराचे मांस घ्यायला थांबला, पुन्हा मेहुणीचा निरोप द्यायला थांबला. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला — सगळे त्याला आडवा पोलीस म्हणत — विल्किन खोका अलगद तळहातांवर उचलून धरी.

"अजून किती पोलीस आहेत?" मिरेलिसने कंटाळून विचारले.

"या रस्त्यावर? चोरांपेक्षा जास्त."

बाजूने लांब पल्ल्याची गाडी सुसाट निघून गेली. काचेआड माणसे पांघरुणात गुरफटून झोपली होती.

"कसे कुडकुडतायत बघा," विल्किन म्हणाला.

"मलाही कुडकुडायचं होतं."

"पण तिथे बसला असतात तर मी भेटलो नसतो."

"त्या गाडीचा तोच मोठा फायदा होता."

तो हसला. त्याच क्षणी एक पोलीस अकस्मात चाकाखाली आला, झाकण सरकले, आणि ते सावरताना विल्किनचा अंगठा त्या शुभ्र फेसात खोल रुतला.

मिरेलिसचे डोळे भरून आले. "आता मावश्या..." एवढेच ती बोलली.

विल्किनने अंगठा चाटला नाही, पुसला. खिशातून संत्रे नि सुरी काढली आणि एवढ्या हादऱ्यांतही साल कुठेही न तोडता एकसंध सोलली. ती लांब पट्टी त्याने गुंडाळत नेली... आणि त्याच्या तळहातावर एक केशरी गुलाब उमलला. तो त्याने खळग्यावर ठेवला.

"दुसऱ्या बाजूलाही एक हवा," ती नाक ओढत म्हणाली. "नाहीतर मुद्दाम लपवल्यासारखं दिसेल."

चिंचेखालच्या शेवटच्या थांब्यावर उतरून ती खोका घेऊन समोरच्या लग्नघराच्या अंगणात गेली. विल्किन परतीच्या रिकाम्या गाडीत बसला. तोनितोला जागा भरायला तो आयताच सापडला होता.

काही वेळाने मिरेलिस आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"मावश्या?"

"थोरली म्हणाली, दुकानातल्या केकला असं फूल नसतं."

"आणि लग्न?"

"पाद्री यायचेत. तेही बहुधा ग्वाग्वानेच निघालेत."

"मग इथे कशा बसलात?"

"गाडी रिकामी दिसत होती..."

त्या दोघांना पाहून आणखी माणसे चढली. टपावर दोन थापा पडल्या. कुणीच उठले नाही. थापा पुन्हा पडल्या, या खेपेस जोरात.

"उतर आता," ती हळूच म्हणाली.

"मी खरा उतारू आहे. भाडं दिलंय."

"येण्याचं दिलंस. परतीचं अजून कुठे?" तिने नजर खाली वळवली. "फूल कुणी केलं म्हणून सगळ्या विचारतायत. मी एकटी किती जणींना उत्तर देत बसू?"

तो उठला. पायरीवरून उतरताना तिने हात पुढे केला. दिवसभरात प्रथमच तो हात रिकामा होता. विल्किनने तो धरला, आणि अंगणापर्यंत सोडला नाही.

मागे तोनितोने कपाळावर हात मारला आणि वैतागलेल्या सुरात पुन्हा ओरडायला लागला, "निघाली, निघाली, दोनच जागा."