राजाची उडी

त्या काळात ‘हे तुला कोणी शिकवलं?’ असं फारसं कोणी विचारत नसे. पोहणं, हिशेब, पेटी वाजवणं, सगळं नियमरोपणानं यायचं. ज्यांना एखादी गोष्ट उत्तम येते अशा शेकडो माणसांच्या मेंदूतून तिचे नियम गाळून घेत आणि नव्या मेंदूत बसवत. शिकवायला माणूस लागत नसे.

मिरजेच्या एका वृद्धनिवासात शिरीष नाडगौडा एकटेच जुन्या पद्धतीनं बुद्धिबळ शिकलेले होते. पक्षाघातानंतर त्यांची बोटं सुधारली, पण घोडा हरवला. हत्ती सरळ जातो, उंट तिरका, प्यादं पुढे चालतं पण मारताना तिरकं मारतं, हे सारं त्यांना आठवे. घोड्याची चालही तोंडानं सांगता येई, पण तो उचलला की हात पटावर नुसता थांबे. तो भलत्याच घरात ठेवला गेला की समोरचा हसून उठून जाई. हळूहळू त्यांच्या टेबलाशी कोणी बसेनासं झालं. ते रोज पट मांडत, जेवणाची घंटा होईपर्यंत बसत, आणि मोहरे डब्यात भरत.

“रोपण करून घ्या, काका,” निवासाच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. शमा इनामदार म्हणाल्या. “एक अडचण आहे फक्त. तपासणीत तुमच्याकडे एक जादा नियम सापडला. तुमचा राजा घोड्यासारखी उडी मारतो.”

“मारतोच. शह बसायच्या आधी, डावात एकदाच.”

“तो जुन्या देशी खेळातला नियम. आता हत्तीबरोबरचा किल्लेकोट सोडला तर राजा एकच घर चालतो. कोणी शिकवलं तुम्हाला?”

कित्येक वर्षांनी हा प्रश्न कानावर आला होता. नाडगौडांचा चेहरा खुलला.

“वृंदानं. आमच्या हिनं. लग्नाला महिना झाला होता, पण काय बोलायचं तेच दोघांना कळत नव्हतं. एका दुपारी लोडशेडिंग. पंखा बंद, टीव्ही बंद. हिनं मला मोझॅकच्या फरशीवर उभं केलं. म्हणाली, तुम्ही घोडा. पलंगाकडे दोन फरश्या, मग खिडकीकडे एक. मध्ये कोणी आलं तरी थांबायचं नाही, वरून उडी. मग स्वतः राजा झाली आणि टुणकन पलीकडे. म्हटलं, हे चालतं? तर म्हणे, आमच्या सांगोल्यात चालतं. तिथून आम्ही बोलायला लागलो.”

शमांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“काका, नियम मेंदूत सुटा नसतो. ज्या माणसाकडून, ज्या जागी तो शिकलो, त्यांच्याशी विणलेला असतो. त्या विणीला आम्ही शिकवणखूण म्हणतो. जुना नियम राहिला तर नवा बसत नाही. म्हणून ती खूण पुसावी लागते.”

“म्हणजे बायको काढून घोडा बसवणार?”

“काकू राहतील. लग्न, संसार, भांडणं, सगळं राहील.”

“भांडणं नेलीत तरी चालेल हो.” पण त्यांना हसू आलं नव्हतं. “ती दुपार तेवढी जाणार?”

“हो. रिकामी जागा मेंदू आपला आपण बुजवतो.”

“कशानं?”

“ते आधी सांगता येत नाही.”

पुढचा महिनाभर नाडगौडा पट मांडत राहिले. पलीकडच्या टेबलांवर डाव रंगत, आरडाओरडा होई. इकडे कोणी नजरही वळवत नसे. एके सकाळी ते स्वतःहून शमांकडे आले.

“करून टाका. दुपार आहे माझ्याकडे, पण ती सांगायला समोर कोणी बसत नाही. तुम्ही ऐकलीत. तेवढी लक्षात ठेवा.”

रोपण छान बसलं. आता नाडगौडांच्या टेबलाशी रोज गर्दी असे. घोडा त्यांच्या हातून न अडखळता जाई. एका संध्याकाळी शमा त्यांच्यासमोर खेळायला बसल्या. डाव थोडा पुढे गेला, आणि त्यांनी मुद्दाम आपला राजा उचलून घोड्यासारखा पलीकडे ठेवला.

“डॉक्टर, हे काय? राजा एक घर चालतो.”

“एकदा उडी चालते म्हणे. वृंदाकाकूंनी तुम्हाला...”

“वृंदा!” ते मायेनं हसले. “तिचं नेमकं हेच चुकायचं. लग्न झाल्यावर मीच शिकवलं तिला, किती वेळा समजावलं. शेवटपर्यंत नियम काही नीट आले नाहीत बिचारीला.”

त्यांनी दोन बोटांत तो राजा धरला आणि अलगद जुन्या घरात परत ठेवला.