हाडांचे वय

लोहहर केंद्रात सगळ्यात जास्त साचले असेल तर लोह नव्हे, संचालक डॉ. पोतनीसांचे स्वतःविषयीचे कौतुक, असे संप्रेरकतज्ज्ञ डॉ. मृणाल घैसास यांचे ठाम मत होते. उल्हासनगरच्या या केंद्रात पोतनीस आपल्या लोह काढणाऱ्या यंत्रावर बोलू लागले की त्या खिडकीबाहेर बघत. आज मात्र समोर हर्षा लालवाणी बसली होती. वय सतरा, दिसायला अकराची.

"कसं आहे आमचं बाळ?" म्हणत पोतनीसांनी तिच्या हातात फुगा दिला. बारावीतल्या हर्षाने तो मुकाट्याने खुर्चीला बांधून टाकला.

घैसास म्हणाल्या, "सर, थॅलेसेमियाच्या मुलांना सारखं रक्त चढवावं लागतं. रक्ताबरोबर लोह येतं आणि ते बाहेर टाकायची वाटच शरीराला नाही. हर्षाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत ते साचलंय. उंचीची, पाळीची सूत्रं तिथून हलतात. असंच चाललं तर ती ग्रंथी कायमची जाईल."

"म्हणून तर आपण रक्तात लोहवेचक कण सोडतो! लोह वेचतात आणि लघवीवाटे निघून जातात."

"पण किती सोडतो? यंत्र काचेवर ठेवलेल्या हाताची हाडं बघून वय ठरवतं आणि वयानुसार मात्रा देतं. संप्रेरकं नाहीत म्हणून हाडं अकराची. हाडं अकराची म्हणून मात्रा अकराची. मात्रा तोकडी, म्हणून लोह तसंच. लोह मोजा ना सर, हाडं काय मोजता!"

"मॅडम, जन्मदाखला खोटा असू शकतो. हाडं खोटं बोलत नाहीत."

हे वाक्य त्यांनी प्रवेशद्वारावर कोरूनही घेतले होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे घैसास मनाशी म्हणाल्या.

पोतनीस गेल्यावर हर्षाने विचारले, "मॅडम, काचेवर हात कुणाचा आहे ते यंत्राला कळतं?"

"छे! जसा धनी तसं यंत्र."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

घैसास यांनी चुंबकीय प्रतिमा काढून ग्रंथीतले लोह स्वतः मोजले, हर्षाच्या आईवडिलांना सगळे समजावून त्यांचा होकार घेतला. मग दर खेपेला सुई हर्षाच्या शिरेत आणि काचेवर घैसास यांचा पन्नाशीतला हात. यंत्र 'प्रौढ' म्हणे आणि पुरी मात्रा सोडी. हळूहळू हर्षाचे कुर्ते आखूड झाले. पुढच्या वर्षी पाळी आली, तेव्हा तिची आई केंद्राच्या जिन्यातच आनंदाने रडली.

पोतनीसांना लबाडीचा सुगावा लागला नाही. यशाचा वास मात्र लगेच लागला. समारंभ ठरला. पाहुणे आले, शाली आल्या, भल्यामोठ्या पडद्यावर हर्षाचा आलेख झळकला.

"अकराची पोर माझ्या यंत्राने प्रौढ केली!" पोतनीस गरजले. "बाळ, हात ठेव. आजची मात्रा सर्वांसमोर."

सुई टोचलेली होतीच. हर्षाने वर्षभरात पहिल्यांदाच स्वतःचा हात काचेवर ठेवला. पडद्यावर आकडा उमटला, तेरा. त्याखाली मात्राही घटली.

सभागृहात खसखस पिकली. गेल्या महिन्यापर्यंत प्रौढ असलेली मुलगी आज तेराची!

"यंत्र बिघडलंय," पोतनीस पुटपुटले.

"नाही सर," घैसास शांतपणे म्हणाल्या. "दोन वर्षांनी वाढलीय ती. हाडं खोटं बोलत नाहीत. आधीची माझी होती."

पोतनीसांचा चेहरा उतरला. हर्षाने त्यांचे मनगट धरून काचेवर दाबले.

"आता तुमचा ठेवा सर. मॅडमचा दमलाय."

मात्रा भरभर वाढली. पोतनीसांच्या हाडांवरून पडद्यावर शब्द आला, 'प्रौढ'. हाडांवरून माणसाचे वय कळत नाही, याला घैसास यांना याहून सबळ पुरावा नको होता.