पैलवानाचा अस्थिपालट

मिरजेच्या बाजारात आता साठीपुढच्या बायका ज्वारीची पोती पाठीवर घेऊन चालत आणि त्यांचे नवरे कठडा धरून जिना उतरत. म्हाताऱ्या बायकांची हाडं नव्यानं भरणारा अस्थिपालटाचा उपचार येऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे या गोष्टीकडे कुणी मान वळवूनही पाहत नसे. संग्राम माने मात्र रोज पाहत असे.

तरुणपणी तो नावाजलेला पैलवान होता. सत्तरीत पाठीचे मणके खचून तो खुजा झाला होता, आणि बायको प्रणाली त्याच्यापेक्षा उंच दिसू लागली होती. शेजाऱ्यांना कपाट हलवायचं असलं की हाक तिला यायची. "काकू, जरा हात लावा." त्याला म्हणायचे, "काका, तुम्ही बसा." ते 'बसा' ऐकून तो मुद्दाम उभाच राहायचा.

दसऱ्याला तालमीत वस्तादांनी गंमत म्हणून तिला कसरतीची जड दगडी नाल उचलायला लावली. संग्रामनं कधीकाळी जी उचलून मानाचा फेटा मिळवला होता, तीच. प्रणालीनं पदर खोचला आणि नाल खांद्यापर्यंत नेली. टाळ्यांनी तालीम दणाणली. पोरं तिला 'पैलवान' म्हणाली. संग्राम पायात चप्पल सरकवून एकटाच घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. रेहाना मुजावर यांच्या दवाखान्यात जाऊन बसला.

"मलाबी करा अस्थिपालट."

"काका, हाड म्हणजे दगड नव्हे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात मोडतोड आणि डागडुजी सतत चालू असते. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं भरतात. तिशीपर्यंत भरणाऱ्यांची सरशी असते. पुढं हळूहळू खाणाऱ्यांची."

"ते बायकांचंबी तसंच की."

"तसंच, पण पाळी जाते तेव्हा त्यांच्या अंगातलं इस्ट्रोजेन झपाट्यानं घटतं. खाणाऱ्या पेशींना आवरून धरणारं संप्रेरक आहे ते. ते गेलं की थोड्या वर्षांत हाड झरझर पोकळ होतं. बायकांचा कडा कोसळतो, पुरुषांचा नुसता उतार असतो, लांब आणि संथ. आमचं औषध तो कडा ओळखतं. इथून पडलं, इथवर भरायचं, मग थांबायचं. उतारावर त्याला थांबायची खूण सापडत नाही. हाड वाढतच राहतं आणि नसा चिरडतं."

संग्रामनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाला, "मला कडा करून द्या."

तसा एक प्रयोग चालू होता. पुरुषाच्या अंगातही थोडं इस्ट्रोजेन असतं आणि त्याच्या हाडांची राखण बरीचशी तेच करतं. इंजेक्शनं देऊन ते वर्षभर तोडायचं, हाड कोसळू द्यायचं, आणि मग औषध द्यायचं.

"वर्षभर तुम्ही काचेचं भांडं व्हाल," डॉक्टरांनी बजावलं. "औषध ठरल्या आठवड्यातच इथं दवाखान्यात येऊन घ्यायचं. तो आठवडा चुकला, तर गेलेलं हाड परत येणार नाही."

प्रणालीला हे पटलं नाही. "कशाला जिवाशी खेळता? मी आहे की."

"तेच तर," तो म्हणाला.

दोन महिन्यांत अंगातून वाफा निघू लागल्या. चादर भिजायची, विनाकारण रडू यायचं. उन्हाळ्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना त्याचं मनगट मोडलं. प्रणालीनं बाहेर जाणं सोडलं. ती त्याला उचलून न्हाणीत न्यायची, भरवायची.

एका दुपारी त्यानं विचारलं, "पाळी गेली तेव्हा तुलाबी असंच व्हायचं?"

"व्हायचं की. तुम्ही तालमीतली पोरं घेऊन कुस्त्यांच्या फडावर असायचा. परत येईस्तोवर मी बरी असायची."

त्यानं तिचा हात धरून ठेवला. त्यानंतर ती दोघं रोज दुपारी बोलत बसू लागली. इतकं ती लग्नानंतर कधी बोलली नव्हती. तरी तिनं फुलासारखं उचललं की तो आतून जळायचाच. म्हणायचा, "या नाही, पुढच्या दसऱ्याला बघ. नाल मीच उचलणार. मग पोरांना घेऊन पुन्हा फडावर."

त्याच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात तेवढ्यापुरता थांबायचा.

ठरलेला आठवडा आला. एक दिवस गाडी बिघडली, एक दिवस पाहुणे यायचे होते. अखेर शनिवार उजाडला. संग्राम सकाळपासून खुर्चीत बसला होता आणि ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

"आज शेवटचा दिवस," तो म्हणाला.

"ठाऊक आहे." ती शांतपणे म्हणाली, "अहो, हे वर्षभर तुम्ही घरात होता."

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं तालमीसंगं वाटून घेतलं तुम्हाला. तिच्याकडून उरलं ते माझ्या वाट्याला. या वर्षी सगळे माझे होता."

त्यानं मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती आत्ता त्याच्याकडे जशी बघत होती, तसंच तो तिच्याकडे कित्येक वर्षं बघत आला होता. दुसऱ्याला मिळतं ते आपल्यापासून हिरावलेलं आहे, अशा नजरेनं.

"हात दे," तो म्हणाला. "उशीर होतोय."

तिच्या आधाराशिवाय त्याला खुर्चीतून उठता येत नव्हतं. प्रणालीनं मेजावरची गाडीची किल्ली उचलली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. मग परत येऊन मायेनं त्याची कॉलर सारखी केली.

"उद्या जाऊया," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.